अण्णांची रजा

मिरज-सांगली भागात दवाखान्यांना तोटा नाही. आमचं हॉस्पिटल त्यांतलंच एक, ट्रस्टचं. पलीकडून अथणी, रायबाग, चिकोडीकडचे पेशंट येतात, त्यामुळे रक्त घ्यायला बसणाऱ्या पोरीला कानडी येणं ही इथे जवळजवळ पात्रताच धरली जाते. मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा झाल्यावर इथे लागले ती इथलीच झाले. ज्यांच्याबद्दल लिहितेय ते माझ्याही आधीपासून इथे आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मीही तेच लिहीन, आणि 'ते'च लिहीन. कितीही राग आला तरी त्यांच्याबद्दल अरेतुरे माझ्या तोंडात येत नाही.

असल्या माणसाचा त्रास दुसऱ्याला सांगायला गेलं की तो अगदी पोरकट वाटायला लागतो. "ते माझ्याशी बोलत नाहीत," असं मी घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "मग बरंय की, शांतता." रॅक आपटतात, फोन उचलत नाहीत, नव्या पोरीने काही विचारलं तर उत्तर न देता भिंतीकडे बघत शीळ वाजवतात. एकेक सुटं घेतलं तर यात तक्रार करण्यासारखं काय आहे? पण सकाळी आठला तुम्ही ड्यूटीवर येता, रात्रपाळीला अण्णा होते, ते तुमची वाट न बघता निघून गेलेत, टेबलावर नावं नसलेल्या चार ट्यूब पडल्यात, ॲनालायझरवर लाल इशारा लुकलुकतोय आणि आयसीयूची सिस्टर फोनवर ओरडतेय. कुठलं सँपल लागलं, कुठलं राहिलं, कुठलं हिमोलाइज झालं, म्हणजे रक्तपेशी फुटल्या, म्हणून परत मागवलं, हे सांगणारं कुणी नाही. हँडओव्हरच्या वहीत त्यांच्या अक्षरात दोनच शब्द: "सर्व ठीक." आणि दुपारी ते वॉर्डात जाऊन सांगणार, "सकाळच्या बायकांनी घोळ घातला." हे रोज चाललं की माणूस आतून शिजत जातो.

कंट्रोलचं तर विचारूच नका. पेशंटची सँपल्स लावण्याआधी मशीन बरोबर मोजतंय की नाही हे बघायला ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं द्रव लावतात, एक नॉर्मल आणि एक ॲबनॉर्मल. येणारा आकडा रोज आलेखावर टिंब म्हणून पडतो. टिंब मधल्या रेषेपासून दोन एसडीच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या दुप्पट अंतराच्या, बाहेर गेलं की सावध व्हायचं, तीनच्या बाहेर गेलं की थांबायचं आणि कारण शोधायचं. अण्णांची पद्धत वेगळी. बाहेर गेलं की परत लावायचं, परत गेलं की परत लावायचं, एकदाचं आत बसलं की तेवढंच ठेवायचं. आलेख अगदी सरळ, देखणा. तपासणीच्या रसायनाला रिएजंट म्हणतात. मी एकदा म्हटलं, "अण्णा, रिएजंटचा लॉट बघायला हवा, सगळी टिंबं वरच्याच बाजूला चाललीत." ते म्हणाले, "बाई, तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हापासून मी कंट्रोल लावतोय." हिशेबाने ते खरं नव्हतं, पण त्यांचा आवाज असा होता की सगळी लॅब गप्प झाली.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. अण्णा काचेवरच्या रक्ताचे जादूगार आहेत. एका डेंग्यूच्या हंगामात, वॉर्डातून दिवसातून दोनदोनदा प्लेटलेट्सचा काउंट मागवत होते तेव्हा, एका बाईंचा काउंट अठरा हजार आला. काउंटरने दिलेला आकडा मी रिपोर्टला टाकणार, इतक्यात अण्णांनी स्लाइड मागितली. काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या, म्हणजे स्मिअरच्या, शेपटाकडे गेले आणि म्हणाले, "गठ्ठे झालेत. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएने प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्यात. निळ्या ट्यूबमध्ये घ्या परत." निळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएऐवजी सायट्रेट असतं. त्यात घेतल्यावर काउंट लाखाच्या वर निघाला. बाईंना प्लेटलेट्स चढवायची तयारी चालू होती, ती थांबली. असं त्यांच्या नावावर बरंच आहे. शिवाय बायोकेमिस्ट्रीचं ॲनालायझर बंद पडलं की कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येईपर्यंत दीड-दोन दिवस जातात. अण्णा बाह्या सरसावून आत हात घालतात आणि मशीन चालू होतं. आणि शेवटचं, पण व्यवस्थापनाच्या लेखी बहुधा पहिलं: मोठ्या ट्रस्टींच्या आईंचं रक्त घरी जाऊन अण्णाच घेतात. आजींच्या शिरा धाग्यासारख्या आहेत, इतर कुणी टोचलेलं त्यांना चालत नाही.

तर मी पहिल्यांदा आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. मॅडम सकाळी अकराला येतात, दोनपर्यंत थांबतात, मग दुसऱ्या दोन लॅबमध्ये सह्या करायला जातात. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मला माहीत नाही का गं? पण तो आहे म्हणून मी दोनला जाऊ शकते. सांभाळून घे." हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की रागही आला नाही. पुढे व्यवस्थापनातल्या प्रत्येकाकडून मी हेच ऐकलं, फक्त इतकं प्रामाणिकपणे कुणी बोललं नाही.

मग लेखी अर्ज केला, ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांना. दोन पानं भरून. अण्णांचा स्वभाव, त्यांची भाषा, नव्या मुलींना रडवणं, सगळं त्यात होतं. आवक विभागात दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ती सवय वडिलांची. ते जिल्हा परिषदेत कारकून होते आणि पोच नसलेला कागद हा कागदच नाही असं मानायचे. काही दिवसांनी साहेबांनी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. चहा मागवला. "एका घरातली माणसं आहात. भांड्याला भांडं लागणारच." अण्णा हात जोडून म्हणाले, "साहेब, माझ्या लेकीसारखी आहे ती. काही चुकलं असेल तर मी माफी मागतो." मी काय बोलणार? चहा संपला, मिटलं. बाहेर जिन्यावर अण्णा म्हणाले, "आता कसं काम करता ते बघतोच." त्या दिवसापासून मशीनचा सर्व्हिस पासवर्ड बदलला. आणि माझ्या पाळीआधी रिएजंट संपलेलं असायचं.

तक्रार करणाऱ्याला आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच बशीतली बिस्किटं देऊन बसवू नये, एवढं तरी व्यवस्थापन शिकवणाऱ्या कॉलेजांत सांगत असतील ना? आमच्या साहेबांचं त्या पदवीचं प्रमाणपत्र त्यांच्या खुर्चीमागेच लावलेलं आहे.

नंतर सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करायचं ठरलं. लॅबमधल्या बहुतेकांनी चहाच्या टपरीवर होकार दिला. कागद फिरायला लागला तेव्हा एकेक जण गळायला लागला. एक मुलगी कंत्राटावर, तिचं नूतनीकरण मार्चमध्ये. एकाचा भाऊ अण्णांच्या ओळखीने एक्स-रेला लागलेला. एक म्हणाला, "ताई, मनाने तुमच्याबरोबर आहे." मी कागद फाडला. त्यांना दोष देत नाही. कंत्राटावरच्या पगारात घर चालवणाऱ्या पोरीने माझ्या भांडणात सही का करावी?

दरम्यान अण्णांनी एका नव्या मुलीच्या ओढणीवरून काहीतरी बोललं, तेव्हा आमचं सगळ्यांचं रक्त तापलं. माझा मावसभाऊ सांगलीच्या कोर्टात वकिली करतो. त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, हे लैंगिक छळात बसत असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायला हवी. पण ती त्या मुलीने द्यायला हवी, तू तिच्या नावाने तुझं भांडण चालवू नकोस. मुलीला विचारलं. ती म्हणाली, तसं काही नव्हतं, ते सगळ्यांनाच बोलतात, पुरुषांनाही. ती खरं बोलत होती की घाबरली होती, मला सांगता येणार नाही. मात्र समितीत कोण आहे, तिचा फलक कुठे आहे, हे मी तिला शोधून दिलं आणि ठरवणं तिच्यावर सोडलं.

"आणि बाकीचं? ओरडणं, अडवणूक, अपमान?" मी विचारलं. तो हसला. "सहकारी नुसता खडूस असेल तर त्यासाठी वेगळा कायदा नाही. ती मालकाची शिस्तीची बाब. मालकाने चौकशी लावली तर लावली." आमच्या हॉस्पिटलच्या दारात मोठा फलक आहे: वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. तो नातेवाइकांसाठी. दाराच्या आतल्यांसाठी फलक नाही.

मग ती पोटॅशियमची रात्र आली. मी ड्यूटीवर नव्हते, सकाळी आल्यावर कळलं ते सांगते. मेडिकल वॉर्डमधल्या एका आजोबांचं सँपल रात्री लागलं, पोटॅशियम आलं २.३. नॉर्मल साडेतीनपासून पुढे, आमच्या यादीत अडीचच्या खालचा आकडा क्रिटिकल. असा आकडा आला की रिपोर्ट छापून ट्रेमध्ये टाकून चालत नाही. लगेच वॉर्डला फोन करायचा, घेणाऱ्याचं नाव आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहायची, समोरच्याने आकडा परत म्हणून दाखवायचा. कारण पोटॅशियम इतकं खाली गेलं तर हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. फोन झाला नाही. रजिस्टर कोरं. अण्णांचं म्हणणं, "सिस्टर फोन उचलत नव्हती." सिस्टरचं म्हणणं, फोन वाजलाच नाही. आजोबांचं नशीब की आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, ईसीजी बघून स्वतःहून सलाइनमधून पोटॅशियम चालू केलं होतं. आजोबा नंतर चालत घरी गेले.

मला वाटलं, आता तरी होईल. काय झालं? परिपत्रक निघालं. "लॅब विभागातील सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की क्रिटिकल रिपोर्ट तात्काळ कळविण्याची दक्षता घ्यावी. अन्यथा कठोर कारवाई करण्यात येईल." सगळ्यांनी वाचून सही करायची. अण्णांनी सही केली, मी केली, त्या रात्री गावाला गेलेल्या पोराने केली, बाटल्या धुणाऱ्या मावशींनीही केली. एका माणसाला एक प्रश्न विचारायचा धीर नसला की परिपत्रक निघतं. दोषाची अशी समान वाटणी रेशन दुकानातही होत नाही.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी पहिल्यांदा साहेबांच्या बाजूने विचार केला. त्यांना पटवून घेण्यासाठी नाही. त्यांचं गणित काय आहे ते बघण्यासाठी. ते माझ्यावर अविश्वास दाखवत नव्हते. अण्णा कसे आहेत ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण मी प्रत्येक वेळी त्यांच्यापुढे जो प्रश्न ठेवत होते त्याचा अर्थ होता, अण्णा की मी? आणि या प्रश्नाचं उत्तर दर वेळी अण्णाच येणार. मशीन अण्णा चालू करतात, स्लाइड अण्णा वाचतात, आजी अण्णांकडून टोचून घेतात. भांडण झालं की अण्णांचं हुकमी वाक्य ठरलेलं: "मी रजेवर जातो. बघा मग." आणि सगळे बघायला घाबरायचे. ही रजेची धमकी जोपर्यंत महाग होती तोपर्यंत माझ्या अर्जांना किंमत येणार नव्हती. मग रजाच स्वस्त करायची.

हे काही उदात्त नव्हतं. सरळ सांगते, मी डाव मांडला.

सुरुवात मशीनपासून केली. कंपनीचा इंजिनिअर सर्व्हिसिंगला आला की अण्णा त्याला ताब्यात घेऊन बाकीच्यांना लांब ठेवायचे. मी त्याच्या येण्याच्या दिवशी ड्यूटी बदलून घेतली आणि डबा घेऊन गेले. थालीपीठ आणि दही. पुण्याहून पहाटे निघालेला पोरगा, त्याने जेवता जेवता सगळं सांगितलं. अण्णांची 'जादू' बरीचशी साधी निघाली. सिरममध्ये फायब्रिनची गुठळी राहिली की सँपल ओढणारी सुई तुंबते. आत बारीक तार घालून ती मोकळी करायची आणि धुवायची. सोडियम-पोटॅशियमचे इलेक्ट्रोड हलायला लागले की आधी त्यांची नळी आणि द्रावण बघायचं, लगेच नवा इलेक्ट्रोड नाही मागवायचा. दिव्याचे तास संपत आले की आकडे डगमगतात. दिवा बदलताना काचेला उघडा हात लावायचा नाही, आणि बदलल्यावर क्युव्हेट ब्लँक, म्हणजे सँपलशिवाय मोजणीच्या नळ्यांचं वाचन, घ्यायचं. मी विचारत गेले, फोटो काढत गेले, घरी येऊन वहीत मराठीत पायरीपायरीने लिहीत गेले. पासवर्डचं विचारलं तेव्हा तो चकित झाला. "मॅडम, तो हॉस्पिटलच्या मालकीचा आहे. तुमच्या पॅथॉलॉजिस्टनी मेल केला तर कंपनी नवा देते." मॅडमनी मेल केला. त्या एका मेलसाठी त्यांना मी पुरा एक पावसाळा आठवण करत होते, हे वेगळं.

स्लाइड वाचायचं मला अण्णांइतकं येणार नव्हतं, आजही येत नाही. पण आमच्यातल्या एका मुलीची नजर चांगली होती, त्या कंत्राटावरच्याच. मॅडम दोनला जायच्या आत तिला रोज थोड्या स्लाइड्स घेऊन त्यांच्यासमोर बसवायला लागले. मॅडमना मी म्हटलं, "असेसमेंटला विचारतील, स्मिअर बघायला अधिकृत कोण कोण आहे. आपल्याकडे एकच नाव आहे." हे मात्र लागू पडलं. आमच्या लॅबला एनएबीएल या लॅब तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे, म्हणजे आयएसओ १५१८९ हे मानक पाळावं लागतं. त्यात कोण कुठल्या कामाला सक्षम आहे, ते कुणी आणि कधी तपासलं, याची नोंद लागते. चुकलेल्या कामाचीही नोंद लागते: काय झालं, रिपोर्टवर काय परिणाम झाला, कारण काय, पुढे काय केलं. हे फॉर्म आमच्याकडे फाइलमध्ये होतेच. असेसर येण्याच्या आधीच्या आठवड्यात ते एकाच पेनाने भरायचा प्रघात होता.

मी ते रोजच्या रोज भरायला लागले. आणि इथे एक नियम स्वतःला घातला: अण्णांचं नाव नाही, विशेषण नाही. "हँडओव्हर दिला नाही" असंही नाही. "सकाळी ८.०५ ला तीन ट्यूब लेबलशिवाय आढळल्या, सँपल परत मागवावं लागलं, रिपोर्टला इतका उशीर." "ग्लुकोज कंट्रोल अमुक वेळी पुन्हा लावलं, आधीचे आकडे मशीनच्या आठवणीत असे आहेत, सोबत प्रिंट." मशीन काही विसरत नाही. पुन्हा पुन्हा लावलेल्या कंट्रोलचे सगळे आकडे त्यात असतात, कुणी बघत नव्हतं इतकंच. माझ्या पाळीतल्या चुकाही त्याच फाइलमध्ये लिहिल्या, दुसऱ्या कुणी लिहायच्या आत. त्याने फार फरक पडला. साहेबांना 'बायकांचं भांडण' म्हणून फाइल बाजूला सारता येईना.

वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांना मी एवढंच म्हटलं, "मला फोनवर ओरडू नका, फॉर्म भरा. तुमचा फॉर्म साहेबांकडे जातो, माझा इथेच राहतो." त्यांनाही कुणीतरी ऐकणारं हवंच होतं. त्यानंतर फॉर्म लॅबबाहेरूनही यायला लागले.

या सगळ्या काळात अण्णा शांत होते असं समजू नका. वहीवरून टोमणे, "आमच्या नव्या इंजिनिअर बाई," मावशींसमोर नक्कल. एकदा माझी वही सापडेना, दोन दिवसांनी पिवळ्या पिशवीत, कापसाच्या बोळ्यांखाली मिळाली. पिवळी पिशवी म्हणजे जाळायला जाणारा कचरा. कुणी टाकली हे मी विचारलं नाही. वहीचे फोटो मोबाइलमध्ये होते, ते छापून घेतले, एक संच मॅडमच्या कपाटात ठेवला. रात्री झोप लागायची नाही, ॲसिडिटी वाढली, घरी मुलावर डाफरायचे. नवऱ्याने दोनदा म्हटलं, सोड ही नोकरी, पलीकडच्या लॅबमध्ये लाग. पलीकडच्या लॅबमध्ये त्यांचे अण्णा असणारच, हे त्याला कसं सांगणार?

मग दिवाळीच्या थोडं आधी, ड्यूटी चार्टवरून कडाक्याचं वाजलं. अण्णांनी लागोपाठच्या सुट्ट्या स्वतःला घेतल्या होत्या आणि माझ्या नावावर पाडव्याची रात्रपाळी लावली होती. मी साहेबांसमोर म्हटलं, चार्ट मॅडमनी लावावा. अण्णा उभे राहिले. "मी रजेवर जातो. बघा मग." साहेब नेहमीप्रमाणे "अहो अण्णा, बसा" म्हणायला लागले. मी म्हटलं, "साहेब, त्यांची रजा शिल्लक आहे. बऱ्याच वर्षांत त्यांनी सलग घेतलेली नाही. मंजूर करा."

खोलीत क्षणभर कुणाला काय बोलावं ते कळेना. अण्णांनी अर्ज लिहून टेबलावर टाकला आणि गेले.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही, पण त्यात नाट्य फार नव्हतं. तिसऱ्या दिवशी मशीन अडलं. सँपल कमी पडतंय असा इशारा. हात थरथरत होते. वही उघडली, सुई मोकळी केली, धुतली, दोन्ही कंट्रोल लावले, दोन्ही आत. आयसीयूचे रिपोर्ट अर्धा तास उशिरा गेले, तशी नोंद केली. स्लाइड्सपैकी दोन त्या मुलीला आणि मला कळल्या नाहीत, त्या मॅडमसाठी ठेवल्या. मॅडम त्या आठवड्यात चारपर्यंत थांबल्या. आजींचं रक्त घ्यायला कोण जाणार हा खरा पेच होता. ती कानडी बोलणारी पोर गेली. आजी मूळच्या जमखंडीच्या निघाल्या. पोरीने गप्पा मारत मारत, छोट्या सुईने, हाताच्या पाठीवरून एका टोचण्यात घेतलं. परत आली ती लाडूचा डबा घेऊन.

अण्णा मंजूर झालेली रजा संपायच्या आधीच कामावर आले. कुणी फोन केला नव्हता, बहुधा म्हणूनच.

पुढे जे झालं त्याला कारवाई म्हणता येणार नाही. चौकशी नाही, नोटीस नाही, पोटॅशियमच्या रात्रीबद्दल एक शब्द नाही. साहेबांनी एका दुपारी मला एकटीला बोलावलं, या वेळी चहा नव्हता, आणि विचारलं, "तुमच्या मते काय करावं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. मी आधीपासून कागदावर लिहूनच नेलं होतं. अण्णांना रात्रपाळी नको, वयही झालंय. दिवसा मायक्रोस्कोपी आणि घरचं कलेक्शन द्या, त्यात ते उत्तम आहेत. कंट्रोल आणि मशीन दुसऱ्याकडे, नावानिशी. हँडओव्हर दोघांच्या सह्यांशिवाय पुरा धरू नका. चार्ट मॅडमचा. यात शिक्षा कुठेही नव्हती, म्हणूनच साहेबांना ते झेपलं. ऑर्डर निघाली तेव्हा तिच्यात "प्रशासकीय सोयीसाठी" असे शब्द होते.

अण्णांना ते झोंबलं. त्यांनी ट्रस्टींच्या घरी जाऊन सांगितलं म्हणतात. तिथून काही आलं नाही. आता ते खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपला बसतात, माझ्याशी बोलत नाहीत, शीळ वाजवतात. रॅक आपटायला त्यांच्याजवळ रॅकच नसतात. अवघड स्लाइड आली की त्या मुलीला मी त्यांच्याकडेच पाठवते, आणि ते तिला समजावून सांगतात, कधीकधी चांगल्या शब्दांत. ती मात्र मार्चमध्ये नूतनीकरण न घेता कोल्हापूरला जास्त पगारावर गेली. तिच्या जागी आलेल्या मुलाला परत पहिल्यापासून शिकवतेय.

यंदा असेसमेंटच्या आधी आवक विभागाने जुन्या फायली काढल्या. माझा तो दोन पानी अर्ज निघाला, शिक्क्यासकट, उत्तराशिवाय. साहेबांनी निरोप पाठवला, की आता सगळं मिटलंय, तर "अर्ज मागे घेत आहे" असं खाली दोन ओळीत लिहून द्यावं, फाइल बंद करता येईल. मी कारकुनाला म्हटलं, मागे घेत नाही, उत्तर आलं तर त्याचीही पोच देईन. त्याने खांदे उडवले आणि अर्ज परत फाइलला लावला.